दोन बोटांची फट

मिस्त्री हातोडीनं भिंत वाजवतायत. एक दगड, मग शेजारचा, मग खालचा. प्रत्येक ठोक्यानंतर थांबतात, कान भिंतीजवळ नेतात. बहुतेक दगड ठणठणीत बोलतात. मागच्या दाराच्या उजव्या हाताला, कंबरेच्या उंचीवरचा एक मोठा काळा दगड मात्र रिकाम्या रांजणासारखा घुमतो. मिस्त्री खिशातला खडू काढून त्याच्यावर फुली मारतात. भिंतीवर अशा फुल्या बऱ्याच झाल्यात.

औसा तालुक्यातलं गाव. लातूरहून येताना औशाचा किल्ला मागं पडला की किल्लारीच्या दिशेनं जी काळी रानं लागतात, त्यातलंच एक. घर जुनं, माळवदाचं. भिंती अडीच फूट जाडीच्या. दगडात चुना नाही, नुसती माती. गावठाणाची जमीन मागं उतरत गेलीय, त्यामुळं पुढच्या दारी दोन पायऱ्यांचं असलेलं जोतं मागच्या दारी चार फुटांवर जातं. दार उघडलं की खाली परसू आणि त्याच्यापलीकडं तुराट्या वेचून मोकळं झालेलं रान. याच दाराबाहेर बारा फूट लांब, आठ फूट रुंद असा लाकडी डेक बांधायचाय. घरचा नातू पुण्याला नोकरीला आहे, आजी इथंच असतात. त्याच्या मावसभावाच्या न्यू जर्सीतल्या घरामागं असा डेक आहे. गणपतीत आरतीला त्याच्यावर माणसं दाटीवाटीनं उभी असतात. तो फोटो मोबाइलवर मिस्त्रींना दाखवून झालाय. आजींना संध्याकाळी वाऱ्याला बसायला जागा व्हावी, एवढीच नातवाची इच्छा आहे.

नातवाच्या हातात एका फॅब्रिकेटरनं दिलेला कागद आहे. भिंतीला आडवी पट्टी, पट्टीला दहा अँकर बोल्ट, बाहेरच्या बाजूला तीन पाईप, वर फळ्या. काम दोन दिवसांचं, पैसे बेताचे.

मिस्त्री कागद वाचतात, घडी घालून परत देतात. “दादा, मशीन लावा. एक भोक पाडून बघू.”

ड्रिल दगडात शिरतं. करड्या रंगाची बारीक भुकटी उडते, मिस्त्रींच्या भुवयांवर बसते. चार-पाच इंच मशीन कुरकुरत, दमानं जातं आणि मग एकदम आत धसतं. मिस्त्रींचा तोल जाता जाता राहतो. ते मशीन बाहेर ओढतात तसं त्याच्यामागोमाग भोकातून कोरडी माती घरंगळायला लागते. माती, दगडाच्या कपऱ्या, पुन्हा माती. धार लवकर थांबत नाही. नातू खाली पडलेल्या ढिगाकडं बघत राहतो.

“हे बगा,” मिस्त्री म्हणतात, “अडीच फूट भिंत दिसतीय, पर ह्या दोन भिंती हायत. एक भायेरची, एक आतली. मधी सगळा भर. हितं बोल्ट मारला ना, तर बोल्ट ऱ्हाईल दगडात आन् दगड येईल भायेर.”

अँकर बोल्टचं काम चालतं ते फुगण्यावर. नट आवळला की भोकातला भाग पसरतो, चारही बाजूंना दाब देतो आणि त्या दाबानं जागेवर रुतून बसतो. काँक्रीटमध्ये हे उत्तम जमतं, कारण काँक्रीट एकसंध असतं. मातीत रचलेल्या भिंतीत तोच दाब एका सुट्या दगडाला शेजारच्यापासून ढकलतो. म्हणजे बोल्ट जितका करकचून आवळावा, तितका दगड ढिला.

आता वजनाचा हिशोब. घराच्या बाल्कनीसाठी भारतीय मानकानं चौरस मीटरला साधारण 300 किलो भार धरायला सांगितलंय. बारा बाय आठ फूट म्हणजे जवळपास नऊ चौरस मीटर. म्हणजे अडीच टनांहून जास्त. आजी एकट्या बसल्या तर यातलं काहीच लागायचं नाही. पण लग्नाच्या दिवशी, नाहीतर गावात दिंडी आली म्हणजे, बघायला माणसं कठड्याशीच गर्दी करतात. डेक एका बाजूनं भिंतीला टांगला तर त्या अडीच टनातला निम्मा भार या फुल्या मारलेल्या दगडांवर येणार. मी नातवाच्या मोबाइलवर गुणाकार करून दाखवतो. तो दुसऱ्यांदा आकडे घालून बघतो, उत्तर तेच येतं.

भिंतीवर आणखी एक गोष्ट आहे, ती नवख्याच्या नजरेला पडत नाही. दगडांच्या मध्ये हाता-हाताच्या अंतरानं ताटलीएवढे सिमेंटचे गोल ठिपके दिसतात. मी त्यांना जुनी डागडुजी समजून सोडून देणार, एवढ्यात आजी त्यातल्या एकावर तळहात ठेवतात. “भूकंपानंतरचं हाय ते. आरपार छिद्र पाडून सळई घातलीया.”

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून गावं झोपलेली, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं कमी. 6.2 तीव्रतेचा तो धक्का लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं जमीनदोस्त करून गेला. जवळपास दहा हजार माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. माणसं मेली ती मुख्यतः याच भिंतींखाली आणि माळवदावरच्या मातीच्या थरांखाली. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला मातीवर माती चढत गेलेली, दोन-दोन फुटांपर्यंत पोचलेली. आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते. जमीन हलली तशी बाहेरची कातडी बाहेर फुगली, आतली आत कोसळली.

पण पाहणाऱ्यांनी त्या ढिगाऱ्यांमध्ये आणखीही एक गोष्ट पाहिली. पुष्कळ ठिकाणी भिंती चारी बाजूंनी ढासळल्या होत्या आणि मधले लाकडी खांब, त्यांच्यावरची तुळई, जागच्या जागी उभी होती. लाकूड वाकतं, हेलकावा घेतं, कुसू आणि भोकाचा सांधा थोडा खेळतो. दगड-मातीच्या भिंतीला खेळता येत नाही. आजी सांगतात, शेजारच्या वाड्यात पोरं अशाच एका खांबाच्या बुडाशी सापडली, जिवंत. “भित गेली, खांब ऱ्हायला,” एवढंच म्हणतात आणि आत चहा टाकायला जातात.

त्या वेळी हा भाग नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या भूकंपक्षेत्रात होता. 2002 साली मानक बदललं तेव्हा तो तिसऱ्या क्षेत्रात आला. भूकंपातून जी घरं वाचली, त्यातल्या काहींना हे सिमेंटचे आरपार टाके पडले: भोक पाडायचं, दोन्ही तोंडांना ते रुंद करायचं, मध्ये आकड्याची सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही कातड्या एकमेकींना धरून ठेवतात. नव्या दगडी भिंतीसाठीही मानक हेच सांगतं. दर दोन फूट उंचीला आणि आडवं दर चार फुटांच्या आत, भिंतीच्या पूर्ण जाडीचा एक आरपार दगड. नातवाला वाटतं, मग या गोल टाक्यांनाच पट्टी जोडली तर?

मिस्त्री मान हलवतात. “त्यांच्याकडं एक काम दिलंय. दुसरं देऊ नगा.”

ठरतं ते असं. डेक स्वतःच्या पायांवर उभा राहील. भिंतीकडच्या बाजूलाही खांब, बाहेरच्या बाजूलाही खांब, तीन-तीन. भिंतीकडचे खांब भिंतीला चिकटून नाहीत, दोन फूट बाहेर. कारण मातीत रचलेल्या जुन्या भिंतीच्या पायथ्याशी खड्डा खणणं म्हणजे तिच्या पायाखालची जमीन काढणं. खांबांवर दोन तुळया, तुळयांवर आडव्या कड्या. कड्या तुळईच्या पुढं निघून घराकडं जातील आणि भिंतीच्या अलीकडं दोन बोटं थांबतील.

खड्डे खणायला सुरुवात होते. वैशाखात काळी माती इतकी भेगाळलेली असते की एका भेगेत गड्याचा हात मनगटापर्यंत जातो. हीच माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वरचं सगळं उचलते. घराचा पाया खाली मुरमात गेलेला. डेकचे खांब वरच्या काळ्या मातीत उभे केले तर घर जागेवर राहणार आणि डेक दर पावसाळ्यात वर, दर उन्हाळ्यात खाली. जिथं दोन्ही जखडलेले असतील, तिथला सांधा मग तुटणारच. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचं. पाच फुटांवर पिवळसर, कडक मुरूम लागतो. पहारीचा आवाज बदलतो, गडी वर बघून हसतो.

तिसऱ्या खड्ड्यात मात्र मुरूम लागत नाही. साडेपाच फूट झाले तरी भुसभुशीत, राखेसारखी माती. पहार एका जागी सहज आत जाते. आजींना बोलावणं जातं. त्या काठावर उभ्या राहून खाली बघतात आणि लगेच ओळखतात: “अरे, हितं पेव हुतं! सासऱ्यांच्या येळचं. ज्वारी ठिवायचे त्येच्यात.” ज्वारी गेली, पेव बुजवलं गेलं, वरनं परसू सारवला गेला, आणि पोकळ जागेची आठवण फक्त एका माणसाकडं उरली. त्या खड्ड्यावर खांब उभा केला असता तर काय झालं असतं, हे बोलायची कोणाला गरज वाटत नाही. खांबांच्या दोन्ही ओळी तीन फूट डावीकडं सरकतात. दोरी पुन्हा ताणली जाते, गुण्या पुन्हा लागतो. डेक दाराच्या बरोबर मध्यात येत नाही, म्हणून नातू थोडा हिरमुसतो.

लाकूड आलंय नांदेडहून. किनवट-माहूरच्या जंगलातलं सागवान या भागात नावाजलेलं. मिस्त्रींची त्याच्यावर श्रद्धाच आहे, पण आंधळी नाही. ते प्रत्येक नग उलटा करून बघतात. गाभ्याचं लाकूड तपकिरी, तेलकट, त्याला उधई सहसा तोंड लावत नाही. कडेचं पांढरट लाकूड त्याच झाडाचं असूनही उधई ते आवडीनं खाते. एका तुळईच्या कोपऱ्याला बोटभर पांढरी कड दिसते, तेवढी ते करवतीनं उतरवून टाकतात. तासलेल्या सागाचा तो कडवट, चामड्यासारखा वास परसूभर पसरतो.

खांब जमिनीला टेकत नाहीत. काँक्रीटच्या ठोकळ्यात गॅल्वनाइज्ड लोखंडाचा बूट रुतवलाय, त्यात खांब बसतो आणि त्याचं बूड जमिनीपासून दोन इंच वर राहतं. जुन्या वाड्यात हेच काम दगडी तळखडा करायचा. खांबाच्या डोक्यावर मिस्त्री पटाशीनं खाच कोरतात, तुळई त्या खाचेत अलगद बसते. मग तिथं आरपार नट-बोल्ट. नातू विचारतो, एवढं कोरायचं कशाला, दोन बोल्ट जास्त मारू. मिस्त्री तुळईवर हात आपटतात. “वजन लाकडावर बसलं पायजे दादा. बोल्टाला लोंबकळू देऊ नये. बोल्ट नुसता हलू नये म्हणून.”

मला वाटतं, आपल्या गावाशहरांत घराला काहीही जोडताना हा एक प्रश्न विचारलाच जात नाही: वजन इथून कुठं जातं? पाण्याची टाकी, पत्र्याचा छज्जा, लोखंडी जिना, गॅलरीच्या कडेवरून पुढं काढलेली जागा. भिंत समोर आहे म्हणून बोल्ट मारला जातो. आणि हा फक्त आपल्याकडचा आजार नाही. शिकागोत 29 जून 2003 रोजी पार्टीच्या रात्री घरामागचे लाकडी मजले एकावर एक कोसळले आणि 13 तरुण मुलं गेली. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत 16 जून 2015 ला एक बाल्कनी तुटली, सहा विद्यार्थी गेले. तिथं पाणी झिरपून आतल्या लाकडी कड्या कुजल्या होत्या आणि वरून काही दिसत नव्हतं. न्यू जर्सीतल्या ज्या डेकचा फोटो नातवाच्या मोबाइलवर आहे, तोही डोळे झाकून घराला ठोकलेला नसणार. तिकडच्या नियमात घराला लावायच्या पट्टीसाठी ओढ सहन करायला नुसते खिळे चालत नाहीत, आरपार बोल्ट किंवा त्यासाठीचेच जाड स्क्रू लागतात. फोटोत ते दिसत नाहीत. फोटोत फळ्या आणि कुंड्या दिसतात.

मधल्या आठवड्यात मिस्त्रींचं दुसरं काम नांदेडला असतं, गोदावरीच्या अलीकडच्या एका नव्या कॉलनीत. मीही जातो. इथं घर आरसीसी, पिलर-बीमचं, आणि इथं तेच मिस्त्री डेकची एक बाजू सरळ घरालाच जोडतायत. फरक भिंतीचा आहे. त्यातही ते प्लॅस्टर खरवडून बीम कुठून कुठपर्यंत आहे ते आधी उघडं करतात, कारण बीमच्या खाली नुसतं विटांचं भरण आहे आणि त्या भरणात एकही बोल्ट जाणार नाही. सळई लागली की भोकाची जागा सरकते. सळई कापायची नाही. भोकातली धूळ ब्रशनं घासून, पंपानं फुंकून काढतात, पुन्हा घासतात, पुन्हा फुंकतात. मग तळापासून रसायन भरून त्यात दांडा फिरवत बसवायचा आणि घट्ट होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. घरमालक दोनदा येऊन विचारतात, झालं का. मिस्त्री दोन्ही वेळा घड्याळ दाखवतात. बोल्ट एका रेषेत नाहीत, वर-खाली, वर-खाली, म्हणजे पट्टी रेषेतून चिरत नाही. पट्टी आणि भिंतीच्या मध्ये वायसर टाकून बोटभर जागा सोडलीय, पाणी खाली निघून जायला. आणि त्याच्यावर पत्र्याची पट्टी प्लॅस्टरच्या खाचेत आत मुडपलेली. मालकांना तो पत्रा दिसायला नकोय. मिस्त्री नम्रपणे, पण ठाम सांगतात, “साहेब, पत्रा काढायचा असंल तर काम दुसऱ्याला द्या.” पत्रा राहतो.

आजींच्या गावी परत आल्यावर सांगाडा उभा दिसतो. सहा खांब, दोन तुळया, कड्या. मिस्त्री नातवाला म्हणतात, “धरा आन् हलवा.” दोघं मिळून बाहेरचा मधला खांब ढकलतात. सगळा सांगाडा अंगठाभर झुलतो. भिंतीला न टांगलेल्या डेकचा हा स्वभावच असतो, उभं वजन तो पेलतो, आडवा धक्का नाही. मग खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे आधार बसतात, आधी भिंतीला समांतर, मग भिंतीच्या काटकोनात. दोन्ही दिशांना, कारण धक्का कुठून येईल ते ठरलेलं नसतं. 2024 च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोलीकडचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले, तेव्हा मिस्त्री नांदेडलाच एका छतावर काम करत होते. शेवटचा तिरपा आधार आवळून झाल्यावर दोघं पुन्हा ढकलतात. सांगाडा ढिम्म.

फळ्या बसायला लागतात. दोन फळ्यांमध्ये एक जाड खिळा उभा धरायचा, पुढची फळी त्याला टेकवायची, स्क्रू मारायचे, खिळा काढून घ्यायचा. तेवढ्या फटीतून पावसाचं पाणी खाली जाईल. घराकडच्या टोकाला कड्या ठरल्याप्रमाणं भिंतीपासून दोन बोटं अलीकडं थांबल्यात. त्या फटीवर, उंबऱ्याखाली, एक रुंद फळी येते. ती फक्त डेकच्या बाजूला स्क्रूनं पक्की, घराच्या बाजूला नुसती टेकलेली. माती फुगली, जमीन हलली, तर ती सरकेल. घर आणि डेक एकमेकांना ओढणार नाहीत. आजी दारातून वाकून त्या फटीत बघतात. “पाल जाईल रं हितनं घरात.” मिस्त्री तार-जाळीचा तुकडा मागवतात.

कठड्याच्या वेळी मात्र वाद होतो. कठड्याचे उभे दांडे बाहेरच्या कडीला लावायचेत आणि मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा भराभर खिळे ठोकत सुटलाय, एका दांड्याला तीन. मिस्त्री काही न बोलता पहिल्या दांड्याच्या वरच्या टोकाला धरून बाहेरच्या बाजूला वाकवतात. खिळे कुरकुरत अर्धा इंच बाहेर येतात. माणूस कठड्याला टेकतो तेव्हा दांडा बाहेर ओढला जातो, आणि सरळ बाहेर ओढलेला खिळा लाकूड सोडून देतो. खाली चार फूट उतार आहे, दगडगोटे आहेत, आणि टेकून बसणार आहेत त्या आजी.

“काढ सगळे,” मिस्त्री म्हणतात. “दर दांड्याला दोन आरपार बोल्ट. बारा एमएमचे. वायसर दोन्हीकडनं, मोठे.”

बोल्ट आहेत, मोठे वायसर संपलेत. पोरगा म्हणतो, लहान चालतील का. लहान वायसर ताण आल्यावर लाकडात रुतून जातो, हे त्याला नमुन्याच्या तुकड्यावर आवळून दाखवलं जातं. नट फिरतो तसा लहान वायसर साग चेपत आत जातो, तंतू तुटल्याचा बारीक आवाज होतो. पोरगा तुकडा हातात घेऊन त्या खळग्यावरनं अंगठा फिरवतो.

नातू मोटरसायकल काढतो. औशाला दुकान सहा वाजता बंद होतं, साडेपाच होत आलेत. मिस्त्री मागून ओरडून सांगतात, “जीआयचे आना, साधे नगं! आन् चाळीस घ्या, तीस नगं!” आणि खाली बसून ठोकलेले खिळे एकेक उपसायला लागतात.